स्वतःविषयी दीड पान

(अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी, पालकांनी व विश्वस्त मंडळानेही वाचावे ही विनंती)

एनडीएची तयारी करणाऱ्या आपल्या मुलामुलींना हे गणित तोंडपाठ असते. लेखी परीक्षा ९०० गुणांची, त्यात गणित ३०० आणि सामान्य क्षमता ६००. नंतर एसएसबी, तीही ९०० गुणांची. म्हणजे निम्मे गुण पुस्तकाबाहेरचे. आपल्या इंदूरच्या मुलांना त्यासाठी पुष्कळदा भोपाळच्या केंद्रावर बोलावणे येते. तिथे चार-पाच दिवस मुक्काम असतो. मानसशास्त्रीय चाचण्यांमध्ये एक चाचणी अशी असते, की समोर कागद, हातात पंधरा मिनिटे, आणि लिहायचे ते इतकेच : आईवडिलांचे तुमच्याविषयी काय मत आहे, शिक्षकांचे काय, मित्रांचे काय, तुमचे स्वतःचे काय, आणि पुढे तुम्हाला कसे व्हावेसे वाटते.

दोन वर्षे गणिताची जाड पुस्तके सोडवून झालेल्या मुलांचे पेन नेमके इथे अडते. सराव म्हणून आम्ही शाळेत ही चाचणी घेतो, तेव्हा बहुतेकांच्या कागदावर एकच मजकूर असतो. ‘माझे आईवडील मला प्रामाणिक व आज्ञाधारक समजतात. माझे शिक्षक मला मेहनती समजतात. माझे मित्र मला मदत करणारा समजतात.’ वरचे नाव झाकून कागद अदलाबदल केले तर कोणाचा कोणता हे मलाच काय, त्यांच्या आईलाही ओळखता येणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, हा प्रश्न फक्त सैन्यात जाणाऱ्यांचा आहे असे समजू नका. अमेरिकेतील हजाराहून अधिक महाविद्यालये ‘कॉमन अ‍ॅप्लिकेशन’ नावाचा एकच अर्ज स्वीकारतात. १९७५ साली पंधरा महाविद्यालयांनी मिळून तो सुरू केला होता. त्यात गुणपत्रिका आणि शिक्षकांची पत्रे यांच्याबरोबर एक निबंध मागतात, किमान २५० आणि जास्तीत जास्त ६५० शब्दांचा. विषय सात दिलेले असतात, त्यांतला एक निवडायचा. घरची पार्श्वभूमी, आलेले अपयश, एखाद्या समजुतीवर घेतलेली शंका, कोणाविषयी वाटलेली कृतज्ञता, ज्यात बुडून वेळेचे भान राहत नाही अशी गोष्ट, असे ते विषय आहेत. सातवा तर तुमच्या मर्जीचा. इंग्लंडच्या विद्यापीठांसाठी ‘यूकॅस’ ही संस्था अर्ज घेते. तिथे पूर्वी ४,००० अक्षरांचे एक सलग निवेदन लिहावे लागे. २०२६ च्या प्रवेशापासून त्याचे तीन प्रश्न झाले : हाच विषय का, आतापर्यंतच्या शिक्षणाने तुमची तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर तुम्ही काय केले व त्याचा उपयोग काय. मर्यादा तीच, ४,००० अक्षरांची, मोकळ्या जागा धरून. फुलस्केपचे दीड-दोन पान समजा. आपल्या देशातही अशोका विद्यापीठासारख्या ठिकाणी निबंध आणि मुलाखत आहे.

आणि ज्यांना फक्त जेईई, नीट किंवा सीयूईटी द्यायची आहे? तिथे ‘तू कोण’ असे कोणी विचारत नाही, सगळे संगणक ठरवतो, हे खरे आहे. पण निकालानंतर शाखा आणि महाविद्यालये पसंतीक्रमाने भरायची वेळ येते, तेव्हा शंभर-दीडशे नावांची यादी शेजारच्या दादाला विचारून भरली जाते. तो पसंतीक्रमही तुमच्याविषयीच असतो, पण त्यात तुमची पसंती किती असते हे तुम्हीच बघा.

आपल्या मुलांना का जमत नाही

हुशारी कमी पडते म्हणून नव्हे. आपल्या घरांत स्वतःविषयी बोलण्याची रीत नाही. समर्थांनी दासबोधात मूर्खाची लक्षणे सांगताना आत्मस्तुतीला त्या यादीत घातले आहे, आणि आपल्या आज्या-पणज्यांनी तेवढे एक लक्षण चांगले लक्षात ठेवले! पाहुण्यांसमोर मुलाचे कौतुक आई करेल, मूल गप्प बसेल. हे संस्कार वाईट आहेत असे मी मुळीच म्हणत नाही. घोटाळा असा, की अर्ज भरायची वेळ आली की हे गप्प मूल एकदम दुसऱ्या टोकाला जाते आणि ‘माझ्यात नेतृत्वगुण आहेत’, ‘मी ध्येयवेडा आहे’ असे लिहू लागते. कोणीतरी सांगितलेले असते, की तिकडे स्वतःची जाहिरात करावी लागते.

स्तुती वेगळी आणि निवेदन वेगळे. मी शूर आहे असे म्हणणे ही स्तुती. त्या रात्री मी काय केले ते सांगणे हे निवेदन. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत आपल्या या माळव्यातून, महूवरून पुढे ग्वाल्हेर-झाशीकडे गेले. दक्षिणेच्या आशेने निघालेला हा गरीब भिक्षुक. वाटेत लुबाडला गेला, जिवाला घाबरला, आणि शेवटी घरी पोहोचला. पुढे ग्वाल्हेर संस्थानात न्यायाधीश झालेल्या चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्यांनी हे सारे लिहून ठेवले आणि १९०७ साली वैद्यांनीच ते ‘माझा प्रवास’ या नावाने छापले. पुस्तक आपल्या ग्रंथालयात आहे. गोडसे भटजी स्वतःला कुठलेही विशेषण लावत नाहीत, काय पाहिले, काय खाल्ले, कुठे लपलो एवढेच सांगतात. तरी पुस्तक मिटताना तो माणूस आपल्या पूर्ण ओळखीचा झालेला असतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त तर स्वतःच्या फजितीच्या गोष्टी जास्त आहेत. मराठीत हा वारसा असताना आपली मुले इंटरनेटवरचे इंग्रजी नमुने घोकतात याचे मला वाईट वाटते.

नमुने घोकले की काय होते याचा एक हिशोबच आहे. २००७ साली यूकॅसने वैद्यक, दंतवैद्यक, पशुवैद्यक आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या अभ्यासक्रमांसाठी आलेले सुमारे ५०,००० अर्ज संगणकाने एकमेकांशी ताडून पाहिले. तेव्हा २३४ उमेदवारांच्या निवेदनात एकच प्रसंग निघाला : आठव्या वाढदिवसाला रसायनांचा खेळ मिळाला आणि प्रयोग करताना पायजम्याला जळून भोके पडली, तेव्हापासून विज्ञानाची गोडी लागली! म्हणजे २३४ पायजमे. आणखी १७५ जणांच्या निवेदनात म्हातारे, आजारी आजोबा होते. सगळे आजोबा खोटे असतील असे नाही. घरोघरी आजोबा असतात आणि आजारीही पडतात. पण खरे आजोबासुद्धा उसन्या वाक्यात बसवले, की खोटे दिसू लागतात.

एक नमुना, दोन मसुदे

वर्गात मी हे फळ्यावर करून दाखवते, तसेच इथे करते. नमुना शिकवण्यासाठी मीच रचला आहे, कोणाच्या घरचा नाही. बारावी बायोलॉजीची एक मुलगी पहिला मसुदा असा लिहिते :

‘मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे. माझ्या आजीला मधुमेह आहे. तिची सेवा करताना मला डॉक्टर होण्याची प्रेरणा मिळाली. मी जिद्दी व मेहनती आहे. संधी मिळाल्यास मी तिचे सोने करीन.’

पाच वाक्ये, एकही चूक नाही. भाषेच्या पेपरात चांगले गुण मिळतील. आता तिला काही प्रश्न विचारू या. सेवा म्हणजे नेमके काय करतेस? किती वाजता? तूच का, घरात दुसरे कोणी का नाही? ते करताना काय लक्षात आले, जे आधी माहीत नव्हते? कोणाशी भांडण झाले का? तुझे काही चुकले का? प्रत्येक उत्तरानंतर मी फक्त ‘मग?’ म्हणते आणि थांबते. थांबणे महत्त्वाचे आहे, कारण पहिले उत्तर पाठ केलेले असते, दुसरे सावध असते, आणि खरी गोष्ट तिसऱ्या ‘मग?’ला बाहेर येते. आठवड्याने तिचा दुसरा मसुदा येतो :

‘आजीची साखर सकाळी सव्वासहाला मी मोजते. बाबा पहिल्या बसने पीथमपूरला जातात आणि आई सुईला घाबरते. आकडा मी कॅलेंडरच्या चौकोनात लिहिते. चार महिन्यांनी माझ्या लक्षात आले, की एकादशीच्या दुसऱ्या दिवशी आकडा मोठा असतो. आजी म्हणाली, उपासाने साखर कशी वाढेल? मी म्हटले, साबूदाण्याने. तिने ऐकले नाही. मग मी आठ एकादश्यांचे आकडे वहीत उतरवायला घेतले. त्यांतल्या दोन वेळा आकडा वाढलेला नव्हता. ते दोन मी सोडून दिले आणि सहाच दाखवले. आजी चौथीपर्यंत शिकलेली आहे. तिने कॅलेंडर खाली काढले, चष्मा लावला आणि ते दोन चौकोन शोधले. हे का नाही लिहिलेस, म्हणाली. मला उत्तर देता आले नाही. संध्याकाळी तीच म्हणाली, त्या दोन्ही दिवशी मला बरे नव्हते, मी खिचडी केलीच नव्हती, नुसते दूध घेतले होते. म्हणजे माझ्या म्हणण्याचा सगळ्यात चांगला पुरावा मीच लपवला होता. आता मी आकड्याशेजारी ती काय जेवली तेही लिहिते.’

या मसुद्यात ‘मेहनती’ हा शब्द नाही, पण सव्वासहा वाजले आहेत. ‘प्रामाणिक’ हा शब्द नाही. उलट एक छोटी अप्रामाणिक गोष्ट तिने स्वतःहून सांगितली आहे, आणि ती वाचल्यावर तिच्या वहीतल्या पुढच्या आकड्यांवर आपला विश्वास बसतो. आजीसुद्धा ‘मधुमेह असलेली वृद्ध’ राहिली नाही. ती चष्मा लावून हिशोब तपासणारी बाई झाली आहे. शेवटी ‘यातून मी शिकले की…’ असे वाक्य नाही, कारण काय शिकली ते तिच्या वहीच्या नव्या रकान्यात दिसते.

आणखी एक गोष्ट पालकांनी बघावी. पहिला मसुदा वाचून आपण ठरवतो की ही डॉक्टर होणार. दुसरा वाचून मला तरी तसे ठामपणे म्हणवत नाही. या मुलीला रोग्याची शुश्रूषा आवडते की आकड्यांच्या मागे लागणे आवडते? डॉक्टर ती होईलही. पण संख्याशास्त्र किंवा सार्वजनिक आरोग्य ही नावे आता तिच्यासमोर यायला हवीत. नीटसाठी कोटाला पाठवून एक वर्ष आणि दोन-तीन लाख रुपये घालवण्याआधी हा प्रश्न घरात विचारला गेला तर बरे. लिहिण्याचा हा फायदा अर्जापेक्षा मोठा आहे, म्हणून मी अर्ज न भरणाऱ्यांनाही हे लिहायला लावते.

(पुढच्या वर्षी माझ्या टेबलावर साबूदाणा खाणाऱ्या चाळीस आज्या येऊ नयेत ही नम्र विनंती.)

सामग्री कुठे शोधायची

‘मॅडम, आमच्या आयुष्यात काही घडलेच नाही’ असे सगळे म्हणतात. सतरा वर्षे काहीच घडले नाही, हे शक्य नाही. फक्त जे घडले ते ‘लिहिण्यासारखे’ वाटत नाही.

आधी एक आठवडा वेळेची नोंद ठेवा. अभ्यासाचे टाइमटेबल नव्हे, खरी नोंद. रात्री झोपताना पाच ओळी : आज वेळ कुठे गेला. मोबाइलवर गेला असेल तर मोबाइलवर काय पाहत होतात तेही. जो मुलगा रोज अर्धा तास रेल्वे इंजिनांचे व्हिडिओ पाहतो आणि लाजून ते लिहीत नाही, त्याच्या निबंधाचा विषय तिथेच पडलेला असतो.

मग पाच माणसांकडे जा. त्यातला एक तरी घराबाहेरचा हवा, म्हणजे व्हॅनवाले काका, दुकानातला जुना नोकर, तबल्याचे गुरुजी. ‘मी कसा आहे?’ असे विचारू नका. ‘चांगला आहेस बाळा’ एवढेच उत्तर मिळेल. ‘मी केलेली एखादी गोष्ट तुम्हाला आठवते का?’ असे विचारा. एसएसबीच्या त्या पाच परिच्छेदांची खरी तयारी हीच आहे. आईवडिलांचे मत मनाने रचून लिहिण्यापेक्षा एकदा त्यांना विचारून पाहिले तर मुलाखतीच्या दिवशी उलटतपासणीला घाबरावे लागत नाही.

तिसरी यादी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, घरच्या कामांची. कॉमन अ‍ॅप्लिकेशनमध्ये अभ्यासाबाहेरच्या दहा गोष्टी लिहिता येतात, प्रत्येकीच्या वर्णनाला १५० अक्षरे. त्या प्रकारांच्या यादीत खेळ, संगीत, नाटक यांच्याबरोबर ‘घरची जबाबदारी’ आणि ‘पगारी काम’ हे प्रकार छापील आहेत. हे वाचून आपले पालक चकित होतात. आपल्या शाळेतली मुले संध्याकाळी सीतलामाता बाजारात वडिलांच्या दुकानी बसतात, आईच्या डब्यांच्या धंद्याचा हिशोब ठेवतात, धाकट्या भावाला शिकवतात, गणपतीच्या दहा दिवसांत मंडळाच्या वर्गणीची पावती-पुस्तके सांभाळतात. अर्जात मात्र यातले काही लिहीत नाहीत. लिहितात काय, तर ‘आंतरशालेय स्पर्धेत सहभाग’. सहभागाचे प्रमाणपत्र हजर राहिलेल्या प्रत्येकाला मिळते. दुकानात उधारी मागायला गिऱ्हाइकाशी कसे बोलावे हे ज्याला सोळाव्या वर्षी समजले, त्याच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. डब्यांचा हिशोब १५० अक्षरांत असा मावतो : ‘आईच्या २२ डब्यांचा रोजचा हिशोब, तीन वर्षे, भाजी-खरेदीची यादी बनवतो, महिनाअखेर बिले देतो.’ दुकानाची लाज वाटत असेल तर ती लाज कुठून आली यावरही लिहिता येईल.

दुःखाविषयी एक सूचना. काही मुलांचा समज झाला आहे, की निबंधात एखादे संकट असलेच पाहिजे. घरात मृत्यू, आजार, कर्ज काही नाही म्हणून ती काळजीत पडतात. आणि ज्यांच्या घरी खरेच काही घडले आहे त्यांना वाटते, की आता ते लिहावेच लागेल. दोन्ही समज चुकीचे आहेत. जे अजून डोळ्यांत पाणी आणते ते अनोळखी माणसाच्या टेबलावर ठेवण्याची सक्ती तुमच्यावर कोणी केलेली नाही. घरातल्या दुसऱ्या माणसाची गोष्ट असेल तर त्याला विचारल्याशिवाय लिहू नका. कॉमन अ‍ॅप्लिकेशनमध्ये अशा परिस्थितीसाठी निबंधाव्यतिरिक्त वेगळी ऐच्छिक जागा असते. अभ्यास कशामुळे मागे पडला एवढे साध्या शब्दांत तिथे सांगितले की पुरे.

पालकहो, पेन मुलाच्या हाती राहू द्या

मुलांना आठवत नाही ते तुम्हाला आठवते. तीन वर्षांची असताना ती काय मोडून बघत असे, सहावीत तिने कोणती गोष्ट अर्धवट सोडली, हे तुम्ही जरूर सांगा. वाक्य मात्र तुम्ही लिहू नका. तुमचे इंग्रजी तिच्यापेक्षा चांगले असेल तर अजिबातच नको. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाची भाषा सतराव्या वर्षाच्या तोंडी बसत नाही, आणि वाचणाऱ्याने त्या दिवशी तसे तीस-चाळीस निबंध वाचलेले असतात.

आता पैसे घेऊन निबंध लिहून देणारेही भेटतात, आपल्या शहरातही. काही वर्षांपूर्वी एका मुलाने असा निबंध नेला होता. एका गावात विहीर साफ करण्याच्या मोहिमेचे त्यात सुंदर वर्णन होते. मुलाखतीत एका बाईंनी सहज विचारले, विहीर किती खोल होती, आत कसे उतरलात? मुलगा त्या गावाला एकदाच, फोटो काढण्यापुरता गेला होता. प्रवेश मिळाला नाही, त्याचे मला फार वाटले नाही. मुलगा स्वभावाने गोड आणि मोटारसायकल दुरुस्तीत निष्णात होता. गॅरेजमधली एक दुपार त्याने स्वतःच्या मोडक्या इंग्रजीत लिहिली असती तर त्याला हवे तितके प्रश्न विचारा, तो रात्रीपर्यंत उत्तरे देत बसला असता. ही संधी त्याच्या हातून मोठ्या माणसांनी पैसे मोजून काढून घेतली, याचे मात्र वाईट वाटते.

संगणकाकडून निबंध लिहून घेणे हाही तोच प्रकार. कॉमन अ‍ॅप्लिकेशनने २०२३ पासून आपल्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे, की कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणे ही फसवणूक धरली जाईल. स्पेलिंग तपासायला संगणक वापरा. तुमच्या आजीचे नाव त्याला माहीत नाही, हे लक्षात असू द्या.

भाषा कोणती

पहिला मसुदा ज्या भाषेत तुम्ही घरी भांडता त्या भाषेत लिहा. काहींची ती मराठी असेल, काहींची हिंदी. बहुतेक इंदूरकरांची तर दोन्हींची खिचडी असते, तीही चालेल. मी स्वतः पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून शिकले, घरात मराठी, कॉलेजात हिंदी. ज्या भाषेत राग येतो त्याच भाषेत तपशील आठवतात, असा माझा अनुभव आहे. इंग्रजीत सुरुवात केली की मुले आधी शब्द शोधतात आणि मग त्या शब्दाला शोभेल असा प्रसंग शोधतात. गाडी उलटी धावते.

प्रसंग मराठीत पूर्ण झाला की त्याचे इंग्रजी करा, लहान वाक्यांत. शब्दकोशातून भारी शब्द आणून बसवू नका. ‘एकादशी’, ‘वर्गणी’, ‘डबा’ हे शब्द तसेच ठेवून शेजारी चार साध्या शब्दांत अर्थ सांगितला तरी चालतो. नंतर मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते तिथे बहुधा वाक्य उसने असते.

शाळेचे काम

अमेरिकेच्या अर्जात शाळेलाही लिहावे लागते : शाळेचा अहवाल, गुणपत्रिका, शिक्षकांची शिफारसपत्रे. त्याबरोबर ‘शाळेची माहिती’ असे एक पान जोडतात. हे पान आपल्यासारख्या शाळांसाठी फार कामाचे आहे. तिकडच्या वाचकाला माध्यमिक शिक्षा मंडळाचे ७८ टक्के म्हणजे किती, हे ठाऊक नसते. होळकरांच्या काळापासून इथे मराठी कुटुंबे आहेत, मुले घरी एक, रस्त्यावर दुसरी आणि विज्ञानाच्या वर्गात तिसरी भाषा वापरतात, प्रयोगशाळेत एका सूक्ष्मदर्शकावर किती मुले असतात, हे त्या पानावर असले की त्याच गुणांकडे वाचक वेगळ्या नजरेने बघतो. या पानाचा मसुदा मी तयार केला आहे. विश्वस्त मंडळाने येत्या बैठकीत तो पाहून मंजूर करावा आणि दरवर्षी आकडे सुधारण्याची जबाबदारी एका शिक्षकावर लेखी सोपवावी, अशी विनंती करते. समुपदेशकाचे अर्धवेळ पदही त्याच बैठकीत विचारात घ्यावे. साठ मुलांचे मसुदे वर्गशिक्षिका शेवटच्या तासानंतर थांबून वाचतात, आणि ते वर्षानुवर्षे असेच चालेल हे गृहीत धरणे बरोबर नाही.

शिफारसपत्राविषयी विद्यार्थ्यांना सांगायचे ते हे. ‘मॅडम, उद्यापर्यंत लेटर पाहिजे’ असे म्हणत येऊ नका. ज्या शिक्षकांकडून पत्र हवे त्यांना निदान चार आठवडे आधी भेटा आणि वर सांगितलेल्या तीन नोंदी त्यांना वाचायला द्या. वर्गात तुम्ही पहिल्या बाकावर बसता की शेवटच्या, हे आम्हाला माहीत असते. घरी सव्वासहाला काय करता, हे तुम्ही सांगितल्याशिवाय कळत नाही.

तारखा वहीत लिहून ठेवा. कॉमन अ‍ॅप्लिकेशन दरवर्षी १ ऑगस्टला नव्या वर्षासाठी खुले होते. लवकर प्रवेशाचे अर्ज बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबरपर्यंत आणि नेहमीचे जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत घेतात. यूकॅसमध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि वैद्यकासाठी १५ ऑक्टोबर, बाकीच्यांसाठी जानेवारी. एनडीएची लेखी परीक्षा वर्षातून दोनदा असते आणि २०२२ पासून मुलींच्या तुकड्याही तिथे शिकत आहेत, तेव्हा मुलींनी ‘हे आपल्यासाठी नाही’ असे समजू नये.

अकरावीच्या मुलांसाठी वेळेच्या नोंदीच्या छापील वह्या ग्रंथालयात ठेवल्या आहेत, किंमत नाही. बारावीच्या मुलांनी पहिला मसुदा, कुठल्याही भाषेत, शनिवारी चौथ्या तासानंतर खोली क्रमांक ७ मध्ये घेऊन यावे. नाव कागदाच्या मागच्या बाजूला लिहावे. समोरून वाचून कागद कोणाचा ते आम्ही ओळखण्याचा प्रयत्न करू.

— प्राचार्या